पंचवीस पिनांचं कुलूप

मावशीच्या संगणकाच्या पाठीला अंगठ्याएवढं एक राखाडी कुलूप लावलेलं आहे. दिसायला नुसता जोड. एका बाजूला पंचवीस पिना, दुसऱ्या बाजूला पंचवीस भोकं. हे प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचं आणि प्रिंटरची वायर याच्या मागे लावायची. १९९९ साली तिने मराठी टायपिंगचं पॅकेज घेतलं, त्यासोबत ते आलं. पोर्टात कुलूप नसेल तर पॅकेज उघडणार नाही. सीडीच्या हव्या तितक्या प्रती काढा. मावशीने ते हप्त्यांनी घेतलं होतं, आणि त्या खोलीतली सगळ्यांत मोलाची वस्तू तिच्या लेखी तीच. संगणकाचा नंबर त्यानंतर.

खोली नागपुरात, महालात, केळीबाग रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या माळ्यावर. तिथे तिने कितीतरी वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, पीएचडीचे प्रबंध, निवडणूक आली की हँडबिलं. काम गिऱ्हाइकाच्या हातात पडलं की त्या फाइलवरचा तिचा जीव उडायचा. जीव लावलेली फाइल एकच होती, तिची स्वतःची: भुलाबाईची गाणी.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई-भुलोजी मांडून घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात. पुण्यामुंबईच्या वाचकांनी सोयीसाठी भोंडला समजावा. इकडच्यांनी त्यावरून माझ्याशी भांडू नये. मावशीने ही गाणी पाहुण्या बायांकडून, भांडीवालीकडून, पत्रिका छापायला आलेल्या वरमायांकडून लिहून घेतली होती. काटोलचं गाणं एक, उमरेडचं तेच गाणं दोन ओळींनी लांब, कुहीकडे त्यातली सासूच बदललेली. प्रत्येक गाण्याखाली सांगणारीचं नाव, गाव, आणि गाणं माहेरचं की सासरचं. या सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आता नाहीत. वह्या होत्या, त्या टाइप करून झाल्यावर वाळवीने संपवल्या. राहिली फाइल, आणि ती त्या पॅकेजच्या स्वतःच्या संपादकात, त्याच्या स्वतःच्या साठवणीत. दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर ती उघडत नाही.

मला वाटलं होतं हे काम दुपारभराचं. हार्ड डिस्क काढायची, लॅपटॉपला जोडून तिची हुबेहूब प्रत घ्यायची आणि त्या प्रतीवर लॅपटॉपच्या आतच एक आभासी संगणक चालवायचा. प्रत निघाली. डिस्क ४.३ जीबीची, तिच्यातले काही सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, मेलेले, तरी रात्रभर कुरकुरत का होईना तिने जवळजवळ सगळं दिलं. आभासी संगणकात विंडोज ९८ सुरूही झालं. पॅकेजने मात्र कुलूप मागितलं. आता लॅपटॉपला प्रिंटरचा जुना पोर्ट कुठून आणणार? बाजारात यूएसबीची एक वायर मिळते, जिच्या दुसऱ्या टोकाला तसाच पंचवीस भोकांचा जोड असतो, पण ती संगणकाला फक्त ‘मी प्रिंटर आहे’ एवढंच सांगते. जुनी सॉफ्टवेअरं थेट पोर्टाच्या पत्त्यावर, हेक्साडेसिमल ३७८ वर, हाक मारतात आणि कुलपाचं उत्तर पिनांवर वाचतात. यूएसबीच्या वायरीत तो पत्ताच नाही. हाक जाते कुठे, देव जाणे.

“क्रॅक मिळते ना,” असं मला तिघाचौघांनी सुचवलं. म्हणजे कुलूप न मागणारी, फोडलेली प्रत. मावशीला विचारायची माझी हिंमत झाली नाही. हप्ते तिने भरले होते.

म्हणजे खरा संगणक हवा. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसच्या भंगारात त्यापेक्षा बराच नवा एक पडला होता, प्रिंटरचा पोर्ट असलेला, दीड जीबी रॅमचा. त्यावर ९८ चढवून बघितलं, तर ते म्हणालं, विंडोज सुरू करायला मेमरी अपुरी आहे. मावशीच्या डब्यात ६४ एमबीवर सुखाने चालणारं विंडोज दीड जीबीत उपाशी! यात गंमत अशी की ९८ स्वतःच्या डिस्क-कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरून वाचलेलं हाताशी ठेवण्यासाठी, उपलब्ध रॅमच्या मानाने पत्ते राखून ठेवतं. रॅम ५१२ एमबीच्या पुढे गेली की ही राखीव जागा इतकी फुगते की बाकीच्या कामांना पत्तेच उरत नाहीत. सिस्टम डॉट आयएनआय या फाइलमध्ये एक ओळ घालून तिला आवरता येतं. पण त्या संगणकाच्या ग्राफिक्सला, नेटवर्कला ९८ साठी ड्रायव्हर मिळेनात, आणि एव्हाना मलाही हट्ट चढला होता की मूळचा डबाच उभा करायचा.

तो डबा चालू केला तेव्हा पंखा फिरला आणि लांब लांब बीप वाजत राहिले. पडदा काळा. हे रॅमचं गाऱ्हाणं. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, हा उपाय भारतातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला पाठ असतो, आणि मला आजवर त्यापेक्षा चांगला सापडलेला नाही. बीप थांबले. पण दहा मिनिटांत संगणक गोठायचा. झाकण काढून टॉर्च मारला तर प्रोसेसरच्या शेजारचे कंडेन्सर डोक्यावर फुगलेले, एकाच्या टाळूवर तपकिरी खपली.

नागपुरात कंडेन्सर जगतात हेच नवल. त्यांच्या आत द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असतो आणि ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, नवतपा लागला की बोलायलाच नको, आणि मावशीच्या खोलीवर टिनाचं छप्पर. कूलर होता, पण त्याचं तोंड तिच्याकडे. संगणकाकडे कसं ठेवणार, दमट वाऱ्याने कागद फुगायचे. त्यात १९९९ पासून पुढच्या काही वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांवर वाईट इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर बसले आणि ते वेळेआधीच फुगले, हा इतिहास आहेच.

मदरबोर्ड पिशवीत घालून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेला. दुरुस्तीवाला माणूस माझ्यापेक्षा लहान, त्याचा जन्म या बोर्डाच्या मागेपुढे कधीतरी झाला असावा. त्याने बोर्ड उलटसुलट केला.

“ताई, हे कायले वाचवून राहिल्या? याच्या मजुरीत सेकंडहँड लॅपटॉप येते.”

मी त्याला भुलाबाईचं सांगितलं. तो ऐकत ऐकत सोल्डरिंगची बंदूक तापवत होता. मग म्हणाला, “माझी आजी म्हनायची. सावनेरची होती थे.” आणि १०५ डिग्रीवाले कंडेन्सर शोधायला ड्रॉवर उपसू लागला. मजुरी त्याने पूर्ण घेतली, हे सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल नागपूरकर गाणं ऐकून विरघळतात.

आता मूळ डिस्क. तिच्यावर अजून भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत कॉम्पॅक्ट फ्लॅश नावाचं एक जाड कार्ड असायचं. त्याची भाषा मुळात जुन्या आयडीई डिस्कचीच असते, त्यामुळे साध्या अडॅप्टरमध्ये खोचून ते चाळीस पिनांच्या पट्ट्याला जोडलं की संगणक त्याला डिस्क समजतो. ८ जीबीचं कार्ड घेतलं. मुद्दाम लहान, कारण त्या काळातल्या बऱ्याच बायोसना (बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा, बोर्डावरचाच छोटा प्रोग्राम) ३२ जीबीच्या पुढे मोजताच येत नाही. डिस्कची प्रत त्यावर उतरवली, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क. रिप्लेस द डिस्क, अँड देन प्रेस एनी की.’

जुन्या संगणकाचं सुरू होणं सरकारी कचेरीतल्या टेबलांसारखं आहे. प्रत्येक टेबलावरचा माणूस फक्त पुढचं टेबल कुठे ते सांगतो. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो, ५१२ बाइट. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांवर ५५ आणि एए हा शिक्का आहे ना, एवढंच बघतो. असेल तर तो सेक्टर मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवून कारभार त्याच्या हाती देतो. या पहिल्या सेक्टरात चार विभागांची यादी असते. चालू विभाग कोणता ते बघून तो त्या विभागाचा पहिला सेक्टर उचलतो. तो आयओ डॉट एसवायएस ही फाइल शोधतो, आणि मग तिथून विंडोज. गंमत अशी की तक्रार कोण करतंय ते तिच्या शब्दांवरून कळतं. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ आलं असतं तर बोलणारा पहिला सेक्टर. ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क’ म्हणणारा दुसरा, विंडोजच्या विभागाचा. म्हणजे दोन टेबलं पार झाली होती आणि तिसऱ्याचा पत्ता चुकत होता. फ्लॉपीवरून सुरू करून सी ड्राइव्ह बघितला तर ‘इनव्हॅलिड मीडिया टाइप’. म्हणजे डिस्कच्या तोंडाशी सगळं जागेवर, आत गेलं की जागा हललेल्या.

ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. डिस्कवरची जागा पूर्वी तीन आकड्यांनी सांगत: कितवा सिलिंडर, कितवं हेड, कितवा सेक्टर. बायोस लिहिणाऱ्यांनी यासाठी १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर एवढी सोय ठेवली. तिच्यात साधारण ८.४ जीबी मावतात. आयडीई डिस्क बनवणाऱ्यांनी आपली सोय वेगळी ठेवली: ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर, तिच्यात १३७ जीबी. दोघांनीही आपापल्या परीने भविष्याचा उदार विचार केलेला. पण दोघांच्या अटी एकाच वेळी पाळायच्या तर प्रत्येक आकड्यात लहान तो धरावा लागतो: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणाकार करा, ५२८ एमबी. दोन उदार खात्यांच्या मधून सामान्य माणसाच्या हाती काय पडतं, याचं इतकं चोख गणित मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

यातून सुटायला बायोसमध्ये खोटे आकडे सांगायच्या पद्धती आल्या: नॉर्मल, लार्ज, एलबीए. ज्या पद्धतीत डिस्क भरली त्याच पद्धतीत ती वाचावी लागते. मावशीच्या बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी कधीच मेलेली होती, तिच्याबरोबर जुन्या सेटिंगही गेल्या, आणि नवं कार्ड बघून ‘ऑटो’ने आपल्या मनाची पद्धत निवडली. सेटअपमध्ये जाऊन हाताने एलबीए केलं. तिसऱ्या टेबलाचा पत्ता लागला. ढगांचं चित्र, त्याच्या खाली सरकणारी निळी पट्टी.

पट्टी सरकत होती तेव्हा मला वाटलं, हा संगणक म्हातारा झाला म्हणून अडत नव्हताच. कंडेन्सर, बॅटरी आणि जुनी डिस्क सोडली तर त्यात झिजलेलं असं काही नव्हतं. तो अडत होता कुणीतरी कधीतरी बांधलेल्या अंदाजावर. इतकी रॅम कोण लावणार, इतकी मोठी डिस्क कुठून येणार. वेगाचंही तेच. एएमडीचा के६-२ प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्‌झपर्यंत आणि त्यापुढे गेला तेव्हा विंडोज ९५ त्यावर सुरू होताना कोसळू लागलं. त्यात वेळ मोजायला एक फेरा होता. प्रोसेसरने तो इतक्या चटकन संपवला की लागलेला वेळ शून्य भरला, आणि पुढच्या पायरीवर त्या शून्याने भागायचं होतं. घाई केली म्हणून मार खाणारा तो पहिलाच विद्यार्थी असावा.

सगळ्यांत लाडका अंदाज मात्र ४९.७ दिवसांचा. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजले जात. ते भांडं ४९.७ दिवसांनी भरतं आणि संगणक गोठू शकतो. ही खोड ध्यानात यायला काही वर्षं गेली, कारण तोवर विंडोज न कोसळता इतके दिवस चालवून दाखवणारं कुणी नव्हतं. विदर्भात तर ती कायमची लपून राहिली असती. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत सलग ४९ दिवस वीज? मावशीचा संगणक ४९ तास सलग चालला असता तरी तिने पेढे वाटले असते.

उलट, जिथे कुणी सढळ हाताने अंदाज केला तिथे आजही अडत नाही. डॉसच्या फाइलींवरची तारीख १९८० पासून मोजते आणि वर्षाला सात बिट दिलेत, म्हणजे २१०७ पर्यंत चिंता नाही. सात बिट कुणी ठरवले ते माणूस मला आवडतं.

विंडोज उभं राहिलं, पॅकेजच्या आयकॉनवर दोनदा क्लिक केलं. कुलपाचं उत्तर मिळालं आणि खिडकी उघडली. मावशीला हाक मारली. ती चष्मा पुसत आली, खुर्ची ओढून बसली आणि पहिलं काय केलं तर फॉन्टचा आकार कमी केला. “कोणी वाढवला वं हा इतका?” कुणीच नव्हता वाढवला. तिचे डोळे तेव्हा चांगले होते एवढंच.

फाइल उघडली की काम संपलं, असं तिला वाटलं. तिथून पुढचं काम खरं तर जास्त मजेचं. संपादकातून मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये साठवायचा, असा बेत. नोटपॅड म्हणालं, मेमरी पुरत नाही. ९८ च्या नोटपॅडला ६४ केबीच्या पुढे झेपत नाही. पुन्हा एक अंदाज, की साध्या टिपणासाठी कुणाला याहून जास्त लागेल. वर्डपॅडने ते चालवून घेतलं. मग संगणक बंद करून कार्ड उपसलं, लॅपटॉपच्या रीडरमध्ये घातलं. पेनड्राइव्हसाठी ९८ ला वेगळा ड्रायव्हर लागतो, तो शोधण्यापेक्षा हे बरं.

लॅपटॉपवर उघडलं तर काटोलच्या सासूच्या जागी डॉलरची खूण, दोन उलटे अवतरण, मधेच फ्रेंच वळणाचं एक अक्षर. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. पण मावशीच्या ९८ ला त्याचा उपयोग नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरी खऱ्या अर्थाने आली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसकट. तोवर सगळ्या मराठी पॅकेजांनी एकच युक्ती केली. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरांना २५६ घरं असतात, त्यांतली काही कामाची नसतात. उरलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. आख्खी अक्षरं आणि सगळी जोडाक्षरं मावणं शक्यच नव्हतं, म्हणून अर्धा क, अर्धा त, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. कोणत्या घरात कोणता तुकडा हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवलं. संगणकाच्या लेखी ते मराठी कधी नव्हतंच. तो मराठी दिसेल असा नकाशा काढत होता.

त्या तुकड्यांचा तक्ता मी आणि मावशीने बसून केला. ती वाचायची, मी खूण लिहायची. नुसतं ‘या खुणेच्या जागी हे अक्षर’ एवढ्यावर भागत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर. रफार जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये त्याचा र आधी. ‘चिंचेच्या’मधली वेलांटी उचलून च च्या पलीकडे न्यायची आणि मग अनुस्वार, हे प्रोग्रामला शिकवता येतं. पण दोन-तीन तुकडे असे होते की ते कशाचे, हे फॉन्ट बघूनही कळेना. ऱ्य मधला तो पापणीसारखा र मावशीने कधी एका कळीने टाइप केला होता, कधी दोन तुकडे जोडून. टायपिंगची परीक्षा तिने टाइपरायटरवर दिली होती, बोटांना रेमिंग्टनच्या कळांची बैठक. एखादं चिन्ह सापडलं नाही की दिसायला बरोबर येईल असं काहीतरी जुळवून पुढे जायची. छापून बरोबर यायचं, म्हणजे बरोबर.

आता मजकूर साध्या युनिकोडमध्ये आहे. मावशी तो मोबाइलवर वाचते आणि चुका काढते, त्यांतल्या निम्म्या तक्त्याच्या आणि निम्म्या तिच्या स्वतःच्या, १९९९ च्या. त्या दुरुस्त करायच्या का, यावर आमचं जमत नाही. कुहीकडच्या एका गाण्यात तिने तेव्हा ‘सासूबाई’ टाइप केलंय. आज ती म्हणते, सांगणारीने ‘सासू’च म्हटलं होतं, ‘बाई’ मी माझ्या संस्काराने लावलं. मी म्हणते, फाइलमध्ये जे आहे ते राहू दे, खाली टीप घालू. ती म्हणते, टीप कोण वाचते, सासूच कर. सध्या दोन्ही पाठ ठेवलेत. कुहीला त्या बाईची सून राहते, तिचा नंबर मिळालाय. भुलाबाईच्या दिवसांत फोन करायचा ठरलंय, एरवी ही गाणी म्हणून दाखवा म्हटलं की बाया लाजतात.